पाणबुडीचा सुटा भाग आणि आपली सही



अणुपाणबुडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? अणुभट्टी, टॉर्पेडो, लाल दिव्यातली कंट्रोल रूम आणि इंग्रजी सिनेमातला घामाघूम झालेला कॅप्टन. पण ही अवाढव्य वस्तू शेवटी बनते कशाची? पाइपचे जोड, व्हॉल्व्ह, बेअरिंग, गिअर, फ्लँज, नट-बोल्ट आणि रबराच्या रिंगा यांची. म्हणजे आपल्या भोसरी-चाकणच्या गाळ्यांमध्ये रोज बनतात त्याच जातीच्या वस्तूंची. मग फरक कुठे पडतो, हे समजून घ्यायचा हा प्रयत्न आहे.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाळा कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे 'यील्ड स्ट्रेंथ'ला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते मला विचारू नका! लेक्चरमध्ये जे शब्द वापरतो तेच इथेही ठेवले आहेत. अणुभट्टीच्या फिजिक्समध्ये फार शिरणार नाही. एस.ओ.एम., फ्लुइड मेकॅनिक्स आणि मेट्रॉलॉजी एवढ्या तीन विषयांवर गाडी हाकू.

आधी नावं नीट करून घेऊ

अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार. एक, लांब पल्ल्याची अण्वस्त्रं घेऊन समुद्रात लपून बसणारी, म्हणजे एस.एस.बी.एन. आपली आय.एन.एस. अरिहंत या प्रकारची. २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला तिचं जलावतरण झालं आणि २०१६ मध्ये ती नौदलात आली. तिची बहीण अरिघात २९ ऑगस्ट २०२४ रोजी दाखल झाली. दुसरा प्रकार म्हणजे शत्रूच्या जहाजांचा आणि पाणबुड्यांचा पाठलाग करणारी अटॅक सबमरीन, म्हणजे एस.एस.एन. या प्रकारची आय.एन.एस. चक्रा आपण रशियाकडून भाड्याने घेतली होती. २०१२ मध्ये ती आली आणि २०२१ मध्ये परत गेली. (चक्रा नावाचीच आधीची एक अणुपाणबुडी १९८८ ते १९९१ या काळात सोव्हिएत संघाकडून घेतलेली होती.)

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने दोन अटॅक सबमरीन देशातच बांधायला मंजुरी दिली. पहिली २०३६-३७ पर्यंत मिळेल, असं नौदलप्रमुख ॲडमिरल दिनेश त्रिपाठी यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांगितलं. हिशोब करा. आज जे फर्स्ट इयरला आहेत ते तेव्हा तिशीच्या आसपास असतील, कुठल्या तरी कंपनीत क्वालिटी किंवा प्रॉडक्शनला. त्या पाणबुड्यांचे भाग कोण बनवणार आणि कोण तपासणार? आपल्यातलेच कोणीतरी. म्हणून हा विषय दूरचा नाही.

एस.ओ.एम.चं एक गणित

पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की दाब साधारण १ बारने वाढतो. ३०० मीटरवर तो ३० बार, म्हणजे ३ मेगापास्कल. आकडा छोटा वाटतो ना? आता हॉस्टेलच्या खोलीचा दरवाजा घ्या, २ मीटर उंच आणि ०.८ मीटर रुंद. ३०० मीटर खोलीवर त्याच्यावर जवळपास ४८० टन वजन येईल. भरलेले दहा ट्रेलर एका दरवाजावर!

हा दाब जो झेलतो तो प्रेशर हल, म्हणजे जाड पोलादाचा नळकांडा. थिन सिलिंडरचं सूत्र सगळ्यांना पाठ आहेच: हूप स्ट्रेस म्हणजे पी.डी. भागिले टू टी. हलचा व्यास १० मीटर आणि जाडी ४० मिलिमीटर धरू. (हे आकडे गणितापुरते आहेत, कुठल्याही खऱ्या पाणबुडीचे नाहीत.) ३ गुणिले १०,००० भागिले ८०, उत्तर ३७५ मेगापास्कल. साध्या माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेंथ २५० च्या आसपास असते. म्हणजे ते तिथे पोहोचायच्या आधीच संपलं. म्हणून अमेरिकन पाणबुड्यांना एच.वाय.-८० हे पोलाद वापरलं गेलं. त्यातला ८० हा आकडा म्हणजे ८०,००० पी.एस.आय. यील्ड, आपल्या भाषेत सुमारे ५५० मेगापास्कल.

पण बॉयलरमध्ये दाब आतून असतो आणि इथे बाहेरून. आतून दाब असला की सिलिंडर आपोआप गोल राहायला बघतो. बाहेरून असला की थोडासा चपटा भागसुद्धा आणखी चपटा होत जातो. याला बकलिंग म्हणतात. ते टाळायला हलला थोड्या थोड्या अंतरावर रिंग फ्रेम वेल्ड करतात आणि हल किती गोल आहे हे मोजत मोजत पुढे जातात. ड्रॉइंगवरचं सर्क्युलॅरिटीचं ते छोटंसं चिन्ह, जे आपण व्हायव्हाच्या आदल्या रात्री पाठ करतो, ते इथे जीव वाचवतं.

एक इंची भोक

समजा ३०० मीटर खोलीवर समुद्राचं पाणी आणणारा २५ मिलिमीटरचा एक पाइप तुटला. पाण्याचा वेग काढू: टू जी.एच.चं वर्गमूळ. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ७७ मीटर, म्हणजे ताशी २७५ किलोमीटरच्या वर. कोएफिशंट ऑफ डिस्चार्ज ०.६ धरला तर सेकंदाला साडेबावीस लिटर पाणी आत येतं. गच्चीवरची १,००० लिटरची टाकी पाऊण मिनिटात भरेल!

आणि ते पाणी नुसतं साचत नाही. इतक्या वेगाची धार समोरच्या वस्तूवर आपटून तिचे बारीक तुषार होतात, खोलीभर दाट धुकं होतं आणि खारं पाणी इलेक्ट्रिकल पॅनेलवर बसतं. अणुपाणबुडीत समुद्राचं पाणी आत घेणं टाळताही येत नाही. टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करायला कंडेन्सर लागतो आणि कंडेन्सरला समुद्राचं पाणी लागतं. म्हणजे समुद्राचा पूर्ण दाब पाइपमधून इंजिन रूमच्या मधोमध येऊन बसलेला असतो. त्या वाटेवरचा प्रत्येक जोड हा हलचाच भाग समजायचा.

थ्रेशर

१० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची थ्रेशर ही अणुशक्तीवर चालणारी अटॅक सबमरीन दुरुस्तीनंतरच्या खोल बुडीच्या चाचणीत अटलांटिक महासागरात बुडाली. आतले सगळे १२९ जण गेले. त्या काळातली ती सर्वात आधुनिक पाणबुडी होती.

चौकशी न्यायालयाने जो घटनाक्रम सर्वाधिक शक्य मानला तो असा. इंजिन रूममधल्या समुद्राच्या पाण्याच्या पाइपचा जोड निकामी झाला. पाणी इलेक्ट्रिकल यंत्रणेवर गेलं आणि अणुभट्टी आपोआप बंद पडली. आता वर यायला एकच मार्ग उरला, बॅलास्ट टाक्यांमध्ये उच्च दाबाची हवा सोडून पाणी बाहेर ढकलणं. पण हवा झपाट्याने प्रसरण पावली की थंड होते (थर्मो आठवा!). हवेत ओलावा होता. त्याचा बर्फ होऊन तो व्हॉल्व्हजवळच्या गाळण्यांवर बसला आणि हवेची वाटच बंद झाली. पुढे त्याच वर्गाच्या टिनोसा या पाणबुडीवर धक्क्याला चाचणी घेतली, तेव्हा गाळण्या खरंच गोठल्या. सुरुवात पाइपच्या जोडापासून न होता विजेच्या बिघाडापासून झाली असावी, असं काही अभ्यासक मानतात. पण गाळण्या गोठण्याबद्दल फारसा वाद नाही.

आता यातला आपल्या कामाचा भाग. थ्रेशरवर सिल्व्हर ब्रेझिंग केलेले सुमारे ३,००० जोड होते. ब्रेझिंगमध्ये भरणीचा धातू वितळून दोन पाइपांच्या फटीत केशाकर्षणाने शिरतो. बाहेरून कड छान भरलेली दिसते, पण आत धातू किती पसरला ते डोळ्यांना दिसत नाही. हायड्रो टेस्टसुद्धा पास होऊ शकते, कारण अर्धवट धरलेला जोडही थोडा वेळ दाब सहन करतो. तेव्हा नव्याच आलेल्या अल्ट्रासॉनिक तंत्राने थ्रेशरचे १४५ जोड तपासले होते आणि त्यातले सुमारे १४ टक्के निकषाला उतरले नव्हते. बाकीचे जोड न तपासताच पाणबुडी बाहेर पडली. सॅम्पलिंगचा धडा शिकवायला याहून कडू उदाहरण नसेल. नमुन्यातल्या १०० पैकी १४ नापास निघाले, तर उरलेल्या २,८०० मध्ये काय असेल हे बारावी पास मुलगाही सांगेल.

१९६३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन नौदलाने 'सबसेफ' नावाची पद्धत सुरू केली. हल आणि समुद्राच्या पाण्याशी संबंध येणारी प्रत्येक वस्तू यात येते. तिचं साहित्य कुठलं, कोणी वेल्ड केलं, कोणी तपासलं, आकडा काय आला, याचा लेखी पुरावा लागतो. 'आमचा वेल्डर खूप अनुभवी आहे' हा पुरावा धरत नाहीत. परिणाम बघा. १९१५ ते १९६३ या काळात लढाईशिवायच्या कारणांनी त्यांच्या १६ पाणबुड्या गेल्या. त्यानंतर एकच गेली, १९६८ मध्ये स्कॉर्पियन, ९९ जणांसह. आणि तिला सबसेफचं प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं.

गिअरचा आवाज

अटॅक सबमरीनचं खरं शस्त्र म्हणजे शांतता. जिचा आवाज आधी ऐकू आला ती हरली. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते, प्रोपेलर मात्र हळू फिरवावा लागतो, नाहीतर त्याच्याभोवती बुडबुडे फुटून गोंगाट होतो. मध्ये रिडक्शन गिअरबॉक्स आलाच. समजा ४० दात्यांचा पिनियन ३,००० आर.पी.एम.ने फिरतोय. दाते दर सेकंदाला २,००० वेळा एकमेकांना भेटतात, म्हणजे २,००० हर्ट्झची शिट्टी. दात्याच्या प्रोफाइलमध्ये काही मायक्रॉनची चूक असली तरी ती शिट्टी वाढते आणि शत्रूच्या सोनारवर ठळक रेघ उमटते. म्हणून डबल हेलिकल गिअर, ग्राइंडिंग केलेले दाते आणि सगळी यंत्रं एका तराफ्यावर ठेवून खाली रबरी माउंटिंग.

प्रोपेलरचंही तसंच. १९८२ ते १९८४ या काळात जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने बंदी असताना सोव्हिएत संघाच्या लेनिनग्राडच्या शिपयार्डला प्रोपेलर कापायच्या नऊ ॲक्सिसच्या मोठ्या मिलिंग मशीन विकल्या. त्यांचे कंट्रोलर नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीचे होते. १९८७ मध्ये हे उघडकीला आलं आणि जगभर गदारोळ झाला. रशियन पाणबुड्या शांत झाल्या त्यात या मशीनचा वाटा किती यावर मतभेद आहेत. पण एका मशीन टूलवरून तीन देशांचे संबंध बिघडले, ही गोष्ट सी.एन.सी. शिकणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे.

आपल्या घराजवळ

अरिहंतचा हल एल अँड टी कंपनीने गुजरातमधल्या हजिरा इथे बनवला. अणुभट्टी भाभा अणुसंशोधन केंद्राची. तिची जमिनीवरची आवृत्ती २००६ मध्ये कल्पाक्कमला कार्यरत झाली, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर होते. आणि अणुभट्टीला जोडलेली स्टीम टर्बाइनची यंत्रणा? ती पुरवली वालचंदनगर इंडस्ट्रीजने. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात उसाच्या शेतात उभी राहिलेली ही कंपनी मुळात साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवणारी. गंमत म्हणजे शेठ वालचंद हिराचंद यांनीच १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला, जो पुढे हिंदुस्थान शिपयार्ड झाला. अरिहंत त्याच गावात बांधली गेली. हे पाहायला १९५३ मध्ये गेलेले वालचंद नव्हते, पण वाट त्यांनी आधीच पाडून ठेवली होती.

आणखी जवळ या. लोणावळ्याला आय.एन.एस. शिवाजी आहे, जिथे नौदलाच्या इंजिनिअरांना मरीन इंजिनिअरिंग शिकवतात. दिघीला डी.आर.डी.ओ.ची आर अँड डी.ई. ही प्रयोगशाळा आहे. तिने डिझाइन केलेला युद्धनौकेचा कंपोझिट सोनार डोम गोव्याच्या किनेको कंपनीने बनवला, तो २०१६ मध्ये सुपूर्द झाला.

आणि चिंचवडची थरमॅक्स. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या डिझेल-इलेक्ट्रिक आहेत. बॅटरी चार्ज करायला त्यांना अधूनमधून पृष्ठभागाजवळ यावं लागतं आणि तिथेच त्या सापडतात. त्यांना जास्त दिवस पाण्याखाली ठेवायला अंबरनाथच्या एन.एम.आर.एल. प्रयोगशाळेने फ्युएल सेलवर चालणारी ए.आय.पी. यंत्रणा विकसित केली. हायड्रोजनचे सिलिंडर भरून न्यायचे नाहीत, लागेल तसा तो आतच तयार करायचा, अशी तिची रचना. मार्च २०२१ मध्ये तिची जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. उद्योगातले भागीदार दोन होते, एल अँड टी आणि थरमॅक्स. ३० डिसेंबर २०२४ रोजी ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्यासाठी लागणारा हलचा तुकडा बनवून जोडण्याचं सुमारे १,९९० कोटींचं कंत्राट माझगाव डॉकला मिळालं.

सुटा भाग महाग का?

'हाच व्हॉल्व्ह बाजारात इतक्याला मिळतो, मग नौदलाला एवढा महाग का?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर असं की पैसे फक्त धातूचे नसतात. त्या धातूच्या वंशावळीचेही असतात.

इम्प्लांट ट्रेनिंगच्या वेळी एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी हे जवळून पाहिलं. पंचिंग पुसलं गेल्यामुळे आठ रिंगांवरचा हीट नंबर वाचता येत नव्हता. मापं अचूक होती, हार्डनेस बरोबर होता. तरी इन्स्पेक्शनच्या काकांनी त्या लाल ट्रेमध्ये टाकल्या. मी विचारलं, "काका, जॉब तर चांगला आहे की." ते म्हणाले, "चांगला असेल गं, पण कोणाचा आहे ते सांगता येतंय का?" तो जॉब पाणबुडीचा नव्हता, साध्या पंपाचा होता.

पाणबुडी तीसेक वर्षं चालते. तेवढ्या काळात भाग बनवणारी कंपनी बंद होते, ड्रॉइंग हरवतं, देशसुद्धा नकाशावरून जातो. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा आपल्या सैन्यदलांना सुट्या भागांसाठी किती वणवण करावी लागली हे जुनी माणसं सांगतात. श्रीमंत देशही यातून सुटत नाहीत. अमेरिकन नौदलाने २०१३ पासूनच्या साधारण सहा वर्षांत व्हर्जिनिया वर्गाच्या पाणबुड्यांमध्ये १,६०० हून जास्त भाग एकीचे काढून दुसरीला लावले. ३३ वर्षं टिकतील असे मानलेले काही भाग कितीतरी आधी झिजले होते. हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर आपण जे करतो तेच, फक्त सायकल अब्जावधी डॉलरची!

खोट्या आकड्यांची बत्तीस वर्षं

शेवटची गोष्ट फाउंड्रीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. अमेरिकेत टकोमा शहरातली एक फाउंड्री पाणबुड्यांच्या हलसाठी कास्टिंग पुरवायची. नौदलाची अट होती की पोलादाची टफनेस उणे १०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे उणे ७३ सेल्सियसला तपासायची. समुद्राचं पाणी एवढं थंड कधीच नसतं, मग ही अट कशाला? कारण थंडीत पोलाद ठिसूळ होतं. इतक्या थंडीतही जे टिकतं, ते स्फोटाचा दणका बसला तरी तडकणार नाही, असा भरवसा त्यातून घ्यायचा असतो.

तिथल्या मेटलर्जी विभागप्रमुख बाईंना ही अट मूर्खपणाची वाटली. नापास आकडे बदलून त्या पास लिहीत राहिल्या. १९८५ ते २०१७! किमान २४० वेळा ओतलेलं पोलाद त्यात सापडलं, नौदलासाठी बनवलेल्या कास्टिंगपैकी जवळपास निम्मं. कंपनीने १ कोटी ९ लाख डॉलर भरले आणि २०२२ मध्ये बाईंना अडीच वर्षांची शिक्षा झाली. त्या पोलादामुळे कोणी मेल्याची नोंद नाही. पण कुठल्या पाणबुडीत कुठला तुकडा बसलाय हे शोधून त्या सुरक्षित ठेवायला नौदलाला अमाप खर्च आणि मेहनत करावी लागली.

आणि हे पकडलं कोणी? त्यांची जागा घ्यायला तयार होत असलेल्या मेटलर्जिस्टने. जुने कागद चाळताना आकडे बदललेले दिसले आणि तो विषय तिथेच दाबला गेला नाही.

आपण काय घ्यायचं?

आपल्याकडे जर्नल कसं पूर्ण होतं हे हॉस्टेलच्या भिंतींनाही माहीत आहे. चार्पीचं मशीन एक, बॅच वीस जणांची, सबमिशन उद्या. एकाचं रीडिंग वीस वह्यांत जातं, फक्त शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे. सर सही करतात, कारण त्यांनाही अजून चाळीस जर्नलं तपासायची असतात. हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं. पण आकडा आधी आणि प्रयोग नंतर ही सवय इथेच लागते. चाकणच्या कंपनीत महिनाअखेरीला 'डिस्पॅच अडकलंय, पास करून टाक' असं कोणी म्हणेल, तेव्हा ती सवय उपयोगी पडेल, आणि तेच वाईट आहे.

म्हणून स्टाफला एक विनंती आणि मित्रांना एक सूचना. मटेरियल टेस्टिंगच्या प्रॅक्टिकलला पाच-पाच जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाने स्वतःचा नमुना स्वतः तोडावा. तुटलेले तुकडे नंबर टाकून जर्नलसोबत जमा करावेत. रीडिंग पुस्तकापेक्षा वेगळं आलं तर मार्क कापू नयेत, उलट ते का आलं हे विचारावं. एवढं झालं तर थ्रेशरनंतर जे तत्त्व १२९ माणसं गमावून शिकलं गेलं, ते आपल्या लॅबमध्ये दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये शिकता येईल.

पाणबुडीतल्या माणसाला आपला जॉब तपासता येत नाही. वरचं झाकण बंद झालं की त्याच्या हातात आपल्या सहीचा कागद असतो, बाकी काही नसतं.